ज्वर-परिचर्या

ज्वर-परिचर्या : ताप, दाह किंवा शरीराच्या तापमानातील बिघाड असलेल्या रुग्णाची शुश्रूषा. तापमान मोजून त्याची नोंद ठेवणे, हुडहुडी भरल्यापासून घाम सुटेपर्यंत रुग्णाला सांभाळणे, जखमेची किंवा सलाइनच्या जागेची सूज वेळेवर ओळखणे आणि अंग गार पडू लागलेल्याला ऊब देणे ही कामे तिच्यात मोडतात. औषध डॉक्टर लिहून देतात. पण रात्री दोन वाजता ताप चढतो आहे की उतरतो आहे, हे पाहायला खाटेपाशी परिचारिकाच असते. थर्मामीटरवरचा आकडा तिला कामाची सुरुवात करून देतो. शरीराने ही उष्णता स्वतःहून वाढवली आहे की ती बाहेरून त्याच्यावर लादली गेली आहे, आणि या घटकेला तापमान कोणत्या दिशेने चालले आहे, हे कळल्याशिवाय पांघरूण घालावे की काढावे हेसुद्धा ठरवता येत नाही.

शरीरातील उष्णता मुख्यतः यकृत, स्नायू, हृदय आणि मेंदू यांच्या कामातून तयार होते. ती त्वचेवाटे बाहेर पडते : काही उत्सर्जनाने, काही वाऱ्याबरोबर, काही थंड वस्तूच्या स्पर्शाने आणि काही घाम वाळण्याने. एक लिटर घाम त्वचेवर पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तो नुसता ओघळून गेला, तर जवळजवळ काहीच नेत नाही. या जमाखर्चावर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाची देखरेख असते. तो एक तापमान ठरवतो आणि रक्त त्याहून थंड झाले की त्वचेकडील रक्तवाहिन्या आवळतो व कापरे भरवतो. गरम झाले की वाहिन्या सैल सोडून घाम आणतो.

निरोगी माणसाचे तापमान ३७° से. (९८.६° फॅ.) हा आकडा लाइपझिगचे वैद्य कार्ल वुंडरलिख यांच्यामुळे जगभर गेला. सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे तापमापक फूटभर लांब होते. इंग्लंडमधील टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच सुमारास सहा इंचांचे, पाच मिनिटांत तापमान दाखवणारे तापमापक बनवले आणि रोज ताप मोजणे वॉर्डातल्या नेहमीच्या कामात आले. १९९२ मध्ये अमेरिकेत फिलिप मॅकोविअक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी तरुण-प्रौढांचे तोंडातील तापमान पुन्हा मोजले, सरासरी ३६.८° से. भरली. पहाटे सहाच्या सुमारास तापमान सर्वांत कमी असते आणि दुपारी चार ते सहा या वेळात सर्वांत जास्त. म्हणून पहाटेचे ३७.५° आणि संध्याकाळचे ३७.५° यांचा अर्थ एक नाही. तक्त्यात आकड्याशेजारी वेळ आणि मोजण्याची जागा लिहिलेली नसेल, तर ती नोंद अर्धीच राहते.

ज्वर कसा येतो : जंतू किंवा इजा यांच्याशी सामना होताच पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ यांसारखी रसायने सोडतात. त्यांच्या प्रभावाने हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि ठरवलेले तापमानच वर सरकते. ते ३९° वर गेले आणि रक्त अजून ३७° वर असले, तर शरीराच्या हिशेबाने रुग्ण गारठलेला असतो. त्याला थंडी वाजते ती खरीच वाजते. अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले; त्या संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

तापाचा उपयोगही आहे. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी जंतुसंसर्ग झालेले वाळवंटी सरडे वेगवेगळ्या तापमानांत ठेवले. सरड्यांना स्वतःची उष्णता वाढवता येत नाही, पण उबदार जागी ठेवलेले अधिक जगले. मात्र ताप फुकट मिळत नाही. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की प्राणवायूची गरज सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढते आणि नाडीचे ठोके मिनिटाला साधारण ८ ते १० ने वाढतात. धडधाकट तरुण हा खर्च सोसतो. हृदयविकाराच्या, दम्याच्या किंवा नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला तो जड जातो आणि तिथे ताप उतरवण्याची घाई योग्य ठरते. विषमज्वरात ताप चढूनही नाडी त्या मानाने मंद राहते. तापाची आणि नाडीची रेघ एकाच तक्त्यावर काढण्याचा हा एक मोठा फायदा.

तीन अवस्था : हिवतापात त्या सर्वांत स्पष्ट दिसतात. पहिल्या अवस्थेत दात वाजतात, नखे निळसर पडतात, रुग्ण गोधडी मागतो. तेव्हा त्याला पांघरूण द्यावे, पंखा बंद करावा, गरम पेय द्यावे. नेमक्या याच वेळी घाबरून गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या जातात, आणि त्या अपायकारक असतात. ठरवलेले तापमान वरच असल्याने शरीर आणखी जोराने कापते, प्राणवायूचा खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि ताप काही थांबत नाही. दुसऱ्या अवस्थेत थंडी जाते, चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंग भट्टीसारखे तापते. आता पांघरूण काढून सुती, सैल कपडे घालावेत, खोलीत हवा खेळती ठेवावी, ओठ-तोंड वरचेवर ओले करावे आणि थोडे थोडे पाणी, पेज, सरबत देत राहावे. ताप आला म्हणून माणसाला उपाशी आणि तहानलेले ठेवण्याची जुनी रीत सोडलेली बरी. जेवणाचा आग्रह करू नये, पाण्याचा जरूर करावा. तिसऱ्या अवस्थेत घाम फुटतो. ओले कपडे आणि चादर लगेच बदलावी, रक्तदाब पाहावा आणि रुग्णाला एकदम उठून चालू देऊ नये, कारण याच वेळी भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो.

कोमट पाण्याने अंग पुसण्याविषयी मतभेद आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मुलांच्या तापाविषयीच्या मार्गदर्शक सूचना त्याची शिफारस करीत नाहीत. औषधाने ठरवलेले तापमान खाली आल्यावर रुग्णाला बरे वाटत असेल तर पुसायला हरकत नाही. मूल रडू-कापू लागले की थांबावे. बर्फाचे पाणी किंवा स्पिरिट साध्या तापात कधीच वापरू नये. स्पिरिट त्वचेतून व श्वासातून लहान मुलाच्या शरीरात जाते.

पॅरासिटॅमॉलची लहान मुलांसाठीची मात्रा वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान चार तासांचे अंतर. सर्दीच्या अनेक तयार औषधांतही पॅरासिटॅमॉल असते. म्हणून घरी काय काय दिले, हे आधी विचारून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात झटके येऊ शकतात. आईवडिलांना ते दृश्य पाहवत नाही, पण असे बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपुढे चालला तर तातडीचे उपचार हवेत. तापाचे औषध वेळेवर दिल्याने झटके टळतात, असे आढळलेले नाही. तीन महिन्यांखालील बाळाला ३८° से. (१००.४° फॅ.) ताप असेल, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ताप उतरला की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात, आणि डेंगीत नेमकी तिथेच फसगत होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि पुढचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात : रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा चुळबूळ यांपैकी काही दिसले, तर तापमान सामान्य असूनही लगेच डॉक्टरांना कळवावे. डेंगीची शंका असताना अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन वर्ज्य असतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

दाह : लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली, अवयवाचे काम मंदावणे हे पाचवे पुढे जोडले गेले. इजेच्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, आणि ही सारी लक्षणे त्यातून उमटतात. पाठ्यपुस्तकांतील लाली मात्र गोऱ्या कातडीवरची आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती लाल न दिसता गडद, जांभळट दिसते, कधी दिसतच नाही. आपल्याकडच्या परिचारिकेने म्हणून डोळ्यांइतकाच हाताच्या पाठीवर भरवसा ठेवावा : दोन्ही हात किंवा दोन्ही पाय एकाच वेळी चाचपून कोणता गरम आहे, कोणता कडक आहे, हे पाहावे. सलाइनची जागा प्रत्येक पाळीत उघडी करून पाहायला हवी. शिरेच्या रेषेत दुखणे, दोरीसारखा कडकपणा किंवा फुगवटा जाणवला की सुई काढून दुसरी जागा घ्यावी. वॉर्डात अचानक चढलेल्या तापाचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. मधुमेह्याच्या बधिर पायाला वेदना होत नाही आणि केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या जखमेत पू धरत नाही. त्यांच्या बाबतीत थोडीशी ऊब किंवा एकटा ताप हीच मोठी खूण. स्टेरॉइडे ही खूणही झाकून टाकतात.

उष्माघात : यात हायपोथॅलॅमसने तापमान वाढवलेले नसते, उष्णता बाहेर टाकण्याची ताकदच संपलेली असते. शरीरातील तापमान ४०° से. च्या वर आणि सोबत बरळणे, झटके किंवा बेशुद्धी, अशी त्याची ओळख. पॅरासिटॅमॉल इथे निरुपयोगी आहे आणि यकृताला घातकही ठरू शकते. साध्या तापात निषिद्ध असलेला बर्फ इथे प्राण वाचवतो. कपडे काढून थंड पाण्यात बुडवणे सर्वांत जलद. ते जमत नसेल तर अंग सतत ओले ठेवून जोराचा वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवावा आणि तापमान ३९° च्या खाली येईपर्यंत थांबू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. चंद्रपूर-नागपूरकडचा कोरडा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे, पण दमट किनारपट्टीवर घाम वाळत नसल्याने पारा तेवढा न चढताही माणसे दगावतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हातील जाहीर कार्यक्रमात उष्माघाताने झालेले मृत्यू याची साक्ष देतात.

अंग गार पडणे : नवजात बाळाचे सामान्य तापमान ३६.५° ते ३७.५° से. बाळाला कापरे भरवून ऊब निर्माण करता येत नाही. मान आणि खांद्यांभोवतीची तपकिरी चरबी जाळून ते भागवते. जन्मताच पुसणे, डोक्यावर टोपडे, आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे आणि पहिली अंघोळ निदान एक दिवस पुढे ढकलणे, एवढ्याने पुष्कळ बाळे वाचतात. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे एद्गार रेय यांनी इनक्यूबेटरांच्या टंचाईतून कांगारू पद्धत सुरू केली. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले : बाळाला ऊब द्यायची, दूध ओढत नाही, रडणे क्षीण झाले, अंग गार किंवा गरम लागते अशा खुणांवरून जंतुदोष ओळखायचा आणि घरीच उपचार द्यायचे. या साऱ्या उपायांनी मिळून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वृद्धांतही गंभीर जंतुदोषात ताप न येता तापमान ३६° च्या खाली जाऊ शकते. असा रुग्ण तापलेल्या रुग्णापेक्षा अधिक चिंतेचा.

मापन : काखेतील तापमान तोंडातील तापमानापेक्षा साधारण अर्ध्या अंशाने कमी भरते. चहा किंवा गार पाणी घेतल्यावर तोंडात मोजायचे तर निदान पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. बेशुद्ध, झटके येणाऱ्या किंवा लहान मुलाच्या तोंडात तापमापक ठेवू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णात गुदद्वारातून मोजू नये. २०२० च्या साथीत दारोदार दिसू लागलेले कपाळावरचे यंत्र फक्त त्वचेचे तापमान पाहते. घाम, वारा, ऊन यांनी ते चुकते, म्हणून संशय आला की काखेत किंवा तोंडात पुन्हा मोजावे. पाऱ्याचे काचेचे तापमापक २०१३ च्या मिनामाता करारानंतर मागे पडत चालले आहेत. एखादे फुटलेच तर पारा झाडूने झाडू नये. खिडक्या उघडून, हातमोजे घालून, जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत.