पेट्यांतली घरटी

पक्ष्यांची अंडी मोजण्यात एखाद्यानं उभा जन्म का घालवावा, असं मला पूर्वी वाटायचं. मी कविता करणारा माणूस. पक्षी उडताना दिसला की माझं भागतं. पण जॉर्ज डिव्होकी यांची हकिगत वाचली आणि तो प्रश्न मी सोडून दिला.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ, पूर्वी बॅरो म्हणत त्या गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर कूपर बेट आहे. बेट कसलं, वाळू आणि खड्यांची पट्टीच ती! १९७२ मध्ये डिव्होकी तिथं पोचले, तेव्हा अमेरिकी नौदलानं टाकून दिलेल्या लाकडी पेट्यांमध्ये ब्लॅक गिलेमॉट पक्ष्यांनी घरटी केलेली दिसली. अंग काळं, पंखावर पांढरा पट्टा आणि पाय लालभडक असा हा पक्षी. एरवी तो खडकाच्या कपारीत अंडी घालतो. या सपाट किनाऱ्यावर कपार कुठून आणणार? डिव्होकींनी आणखी पेट्या मांडून दिल्या आणि १९७५ पासून ते दर उन्हाळा तिथंच काढू लागले. १९८० चं दशक संपता संपता दोनशेच्या वर जोड्या झाल्या.

सूर्य मावळतच नाही अशा दिवसांत तंबूत राहायचं, पेटीपेटीत डोकवायचं आणि वहीत लिहायचं : अंडं कधी आलं, पिल्लू कधी निघालं, वजन किती. बर्फ वितळून घरट्याची वाट मोकळी झाली की साधारण दोन आठवड्यांनी पहिलं अंडं येतं. पुढं पिल्लं उडेपर्यंत धरून पक्ष्याला बर्फाविना सुमारे ८० दिवस लागतात. हवामान हा काही डिव्होकींचा विषय नव्हता. पण १९९० च्या दशकात जुन्या वह्या चाळताना त्यांना दिसलं, की अंड्याची तारीख अलीकडे सरकते आहे. बर्फ लवकर जात होता.

आधी या उबेनं पक्ष्याचं भलंच केलं, उन्हाळा लांबला. नंतर समुद्रावरचा बर्फच किनाऱ्यापासून दूर गेला. त्या बर्फाखाली राहणारा आर्क्टिक कॉड हा मासा पिल्लांचं खरं अन्न. तो मिळेना, तेव्हा आईबाप दुसरे निकस मासे आणू लागले. पिल्लं उपाशी मरू लागली.

२००२ पासून बर्फाविना अडकलेली पांढरी अस्वलं बेटावर येऊ लागली. लाकडी पेटी उलथवायला त्यांना कितीसा वेळ! अखेर २०११ मध्ये डिव्होकींनी त्या जागी प्लॅस्टिकच्या भक्कम पेट्या ठेवल्या. अस्वलाला त्या उघडता येईनात. पिल्लं आत सुरक्षित राहिली. मासा मात्र पुन्हा जवळ आला नाही. जोड्या शंभराच्याही खाली उतरल्या, आणि डिव्होकी त्या मोजत राहिले.