बोलपटांवरील बोलकीं भाष्यें

मूळ ग्रंथाइतकीच त्यावरील टीका आदरानें वाचली जावी, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाहीं. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० सालीं नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं गीतेवर जें निरूपण केलें, तें समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून केलें. सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें, म्हणून तें आज सात शतकांनंतरही हातीं आहे. निरूपण करणारा कितीही थोर असो, तें टिपून ठेवणारा जवळ नसेल तर शब्द वाऱ्यावर जातो. चित्रपट या अलीकडच्या कलेलाही हाच न्याय लागू पडला. तेथें लेखनिकाचें काम एका तबकडीनें केलें. तें कसें घडलें, त्यांतून काय हातीं आलें आणि आज त्यांतील काय निसटूं पाहत आहे, याचा इतिहास मनोरंजक आहे. थोडा करुणही आहे.

चित्रपट चालू असतां त्यावर बोलण्याची चाल विशेष भरभराटीस आली ती जपानांत. मूकपटांच्या काळीं तेथें पडद्याच्या बाजूस एक निवेदक उभा राही. त्यास बेन्शी म्हणत. सर्व पात्रांचीं संभाषणें तो निरनिराळ्या आवाजांत बोले, परदेशी चालीरीति समजावून देई आणि प्रसंगाचें मर्म उलगडून दाखवी. पडद्यावर नट कोण आहे यापेक्षां बाजूस बेन्शी कोण उभा आहे, हें पाहून तिकीट काढणारे प्रेक्षक पुष्कळ असत. पुढें बोलपट आले आणि हा धंदा बसला. १९३२ च्या सुमारास बेन्शींनीं संप केले. परंतु काळाच्या ओघापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. पुढें जगद्विख्यात झालेले दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे वडील बंधु हैगो हे नामांकित बेन्शी होते व संपाच्या पुढाऱ्यांपैकीं एक होते. १९३३ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. बेन्शींच्या निवेदनांपैकीं थोडीं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर राहिलीं आणि आजही तुरळक बेन्शी ती कला चालवितात. तथापि त्या काळच्या बहुतेकांचें बोलणें त्या त्या संध्याकाळीं त्या त्या नाट्यगृहांतच विरून गेलें. ज्या चित्रपटाला त्यांनीं वाणी दिली, त्याच्या फितीवर त्यांच्या वाणीला जागा नव्हती.

ती जागा मिळावयास आणखी अर्धशतक जावें लागलें. डिसेंबर १९७८ मध्यें अमेरिकेंतील अटलांटा शहरीं लेझर तबकडी विक्रीस आली. सुमारें ३० सेंटिमीटर व्यासाच्या, आरशासारख्या चकचकीत अशा या तबकडीवर चित्रपटाचीं दृश्यें साठविलेलीं असत आणि घरच्या टेलिव्हिजन-संचावर तीं पाहतां येत. दोन कानांना दोन निराळे ध्वनि ऐकूं यावेत म्हणून तिच्यावर ध्वनीचे दोन मार्ग ठेवलेले होते. जुन्या बोलपटांचा ध्वनि मात्र एकपदरी. त्यांना एकच मार्ग पुरे. दुसऱ्यावर एक तर तोच ध्वनि पुन्हां भरावयाचा, नाहीं तर तो रिकामा ठेवावयाचा. ही रिकामी वाट उपयोगांत आणण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनीं एक नवा वाङ्मयप्रकारच जन्मास घातला असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९८४ सालीं अमेरिकेंत ‘क्रायटेरियन कलेक्शन’ ही संस्था निघाली. ग्रंथाची विवेचक आवृत्ति काढावी त्याप्रमाणें चित्रपटाची काढावयाची, हा तिचा हेतु. तिनें पहिल्या वर्षीं दोन चित्रपट हातीं घेतले: १९४१ चा ‘सिटिझन केन’ आणि १९३३ चा ‘किंग काँग’. लॉस अँजेलिस येथील कलासंग्रहालयाच्या चित्रपटविभागाचे प्रमुख रोनाल्ड हेव्हर यांना ‘किंग काँग’ची खडान्‌खडा माहिती होती. फितीवरून तबकडीसाठीं प्रत उतरविण्याचें काम चालू असतां हेव्हर जवळ बसून एकामागून एक गोष्टी सांगत. त्या ऐकून, या गोष्टीच ध्वनिमुद्रित करून रिकाम्या मार्गावर कां घालूं नयेत, असा विचार निघाला, असें संस्थेच्या चालकांनीं पुढें सांगितलें आहे. त्याप्रमाणें झालें. प्रेक्षकानें एक बटण फिरवावें, कीं चित्रपटाच्या ध्वनीच्या जागीं हेव्हर बोलूं लागत. विलिस ओब्रायन यांनीं लहानशा पुतळ्याला केसाकेसानें हलवून व प्रत्येक हालचालीचें निराळें चित्र घेऊन तो प्रचंड वानर पडद्यावर कसा जिवंत केला, हें तें दृश्य डोळ्यांसमोर चालू असतांनाच कानांवर पडूं लागलें. पुस्तकांत तें वर्णन वाचावयाचें तर चित्र मनांत आठवावें लागतें. येथें बोट ठेवून दाखवावें तसें झालें.

या कामीं हेव्हर पुढें यावेत, हाही निव्वळ योगायोग नव्हे. १९५४ चा ‘अ स्टार इज बॉर्न’ हा चित्रपट प्रथम १८१ मिनिटांचा होता. प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत चालकांनीं त्याला कात्री लावली व कापलेले भाग नाहींसे झाले. हेव्हर यांनीं कोठारें धुंडाळून १९८३ सालीं त्याचा जीर्णोद्धार केला. त्यांत त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली: चित्रें हरवलीं होतीं, परंतु संपूर्ण ध्वनि शिल्लक होता. म्हणून जेथें हालतें चित्र मिळेना, तेथें त्यांनीं स्थिर छायाचित्रें घातलीं आणि पात्रांचा आवाज तसाच चालूं दिला. रूप गेलें तरी स्वर माणसाला परत उभें करूं शकतो, याचा अनुभव ज्यानें घेतला होता, त्याचाच स्वर पुढल्या वर्षीं पहिल्या भाष्याच्या रूपानें साठविला गेला. हेव्हर १९९३ सालीं वारले. ‘किंग काँग’ची कथा सांगतांना त्यांचा उत्साहानें भरलेला आवाज अजून ऐकतां येतो.

आरंभींचीं भाष्यें विद्वानांचीं होतीं. पुढें खुद्द कर्तेही बोलूं लागले. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ व ‘रेजिंग बुल’ या आपल्या चित्रपटांवर मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं केलेलीं भाष्यें अनेक होतकरू दिग्दर्शकांना शाळेसारखीं झालीं. परंतु कर्ता मोकळेपणीं बोलूं लागला कीं मालकास तें रुचतेंच असें नाहीं. १९९१ सालीं जेम्स बाँडच्या पहिल्या तीन चित्रपटांच्या तबकड्या निघाल्या. त्यांवर दिग्दर्शक व इतर कारागीर इतक्या स्पष्टपणें बोलले होते, कीं निर्मात्यांनीं हरकत घेतली. तबकड्या परत मागविल्या गेल्या आणि भाष्यें वगळून पुन्हां काढण्यांत आल्या. विकल्या गेलेल्या थोड्या प्रतींना संग्राहकांत फार मोल आलें. इतिहासाचें साधन म्हणून या भाष्यांची किंमत काय, हें या एकाच प्रकरणावरून समजतें. निरुपद्रवी बडबड कोणी परत मागवीत नाहीं.

लेझर तबकडी महाग होती व ती थोड्या रसिकांच्याच घरीं पोंचली. मार्च १९९७ मध्यें अमेरिकेंत डी. व्ही. डी. ही १२ सेंटिमीटर व्यासाची तबकडी आली आणि चित्र पालटलें. हिच्यावर ध्वनीचे आठपर्यंत मार्ग घालण्याची सोय होती. एक भाषेसाठीं, दुसरा दुसऱ्या भाषेसाठीं ठेवला तरी भाष्याला जागा उरेच. मग भाष्य ही एक रूढिच होऊन बसली. २००२ सालीं निघालेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाच्या विस्तृत आवृत्तींत एका चित्रपटावर चार भाष्यें होतीं: दिग्दर्शक व लेखकांचें एक, दृश्यरचनाकारांचें दुसरें, चित्रीकरणानंतरचें काम करणाऱ्यांचें तिसरें आणि नटांचें चौथें. तेंच दृश्य चार वेळां पाहावें आणि चार निराळ्या धंद्यांच्या डोळ्यांनीं पाहावें! टेलिव्हिजनवरील ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालेच्या तबकड्या २००१ पासून निघूं लागल्या. त्यांतील बहुतेक भागांवर लेखकमंडळी एकत्र बसून बोललीं. त्यांत हास्यविनोद पुष्कळ आहे. पण विनोदी लेखनाचें काम दहा जणांनीं मिळून कसें चालतें, याची इतकी तपशीलवार नोंद क्वचितच कोठें मिळेल.

रसिकांच्या विशेष आवडीचें एक भाष्य तर सरळ भांडणाचें आहे. ‘द लाइमी’ या १९९९ च्या चित्रपटावर दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग व लेखक लेम डॉब्स एकत्र बोलावयास बसले. आपण लिहिलेले प्रसंग कापून पात्रांचा गाभाच काढून टाकला, अशी लेखकाची तक्रार. लिहिलेलें आणि पडद्यावर शोभणारें यांत अंतर असतें, हा दिग्दर्शकाचा बचाव. दोघेही सभ्य, दोघेही बुद्धिमान, आणि दोघांसही आपापली बाजू खरी वाटते. लेखक मोठा कीं दिग्दर्शक मोठा, या जुन्या वादावर अनेक लेख झाले असतील. परंतु वाद ज्यावरून पेटला तो चित्रपट समोर चालू असतां वादी-प्रतिवादींना ऐकावयाचें, ही संधि दुर्मिळच.

या सर्व भाष्यकारांत रॉजर ईबर्ट यांची कथा निराळी आहे. १९४२ सालीं जन्मलेले ईबर्ट १९६७ पासून ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाचे चित्रपट-समीक्षक होते. १९७५ सालीं त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारे ते पहिलेच चित्रपट-समीक्षक. कोलोरॅडो विद्यापीठांत बोल्डर येथें भरणाऱ्या परिषदेंत ते वर्षानुवर्षें एक प्रयोग करीत. अंधारांत चित्रपट सुरू करावयाचा. कोणाही प्रेक्षकानें ‘थांबा’ म्हणून ओरडावें, कीं चित्र थांबे आणि त्या एका दृश्यावर चर्चा होई. एक चित्रपट पुरा होण्यास कित्येक दिवस लागत. ‘सिटिझन केन’वर २००१ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें भाष्य या अभ्यासाचें फळ होय. ग्रेग टोलंड यांच्या छायाचित्रणांत जवळची व दूरची वस्तु सारखीच स्पष्ट कां दिसते, खोल्यांना छत दाखवितां यावें म्हणून कापड कसें ताणलें, आणि कोणतें दृश्य खरें नसून युक्तीनें जुळविलेलें आहे, हें सारें ते जवळजवळ दोन तास एकट्यानें, न अडखळतां सांगतात. पुढें ‘कासाब्लांका’ वगैरे चित्रपटांवरही त्यांनीं अशींच भाष्यें केलीं.

२००६ सालीं कर्करोगाच्या शस्त्रक्रियेंत ईबर्ट यांच्या खालच्या जबड्याचा भाग काढावा लागला. त्यानंतर गुंतागुंत होऊन त्यांची वाचा कायमची गेली. खाणेंपिणेंही बंद झालें. ते लिहून बोलत, किंवा संगणकाच्या परक्या आवाजाचा आश्रय घेत. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथें ‘सेरेप्रॉक’ नांवाची संस्था माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे करून, ते पुन्हां जुळवून, नवीं वाक्यें त्याच्याच आवाजांत वदविण्याचें काम करीत असे. तिच्याशीं ईबर्ट यांनीं २००९ सालीं संधान बांधलें. टेलिव्हिजनवर ते वर्षानुवर्षें बोलले होते. पण तेथें सहकारी जीन सिस्केल यांच्याशीं वाद चाले आणि एकाचें बोलणें दुसऱ्याच्या बोलण्यांत मिसळे. ज्यांत ईबर्ट एकटे, शांतपणें, दीर्घकाळ बोलले होते, तीं म्हणजे चित्रपटांवरील भाष्यें. तींच उपयोगीं पडलीं. मार्च २०१० मध्यें ऑप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमांत त्यांनीं टंकलिखित केलेले शब्द त्यांच्याच आवाजाच्या जवळपास जाणाऱ्या स्वरांत लोकांनीं ऐकले.

हा आवाज पूर्ण नव्हता, हें सांगितलें पाहिजे. वर्ण जुळले, पण बोलण्याची उतारचढ जुळली नाहीं. २०११ सालीं एका व्याख्यानांत ईबर्ट यांनीं संगणकाचा तयार आवाज आणि पत्नी व मित्र यांचे आवाज यांच्या साह्यानें आपलें म्हणणें मांडलें. संगणकाला विनोद नेमक्या वेळीं सांगून माणसाला हंसवितां येईल, तेव्हां त्याचा आवाज खरा म्हणावा, अशी कसोटीही त्यांनीं तेथें सुचविली. त्या कसोटीस आज कोणताही संगणक उतरला तरी मूळ भाष्याची किंमत कमी होत नाहीं. कारण त्या भाष्यांत विनोद आहे, तो वेळेवर आहे, आणि तो ईबर्ट यांनीं स्वतः केलेला आहे. ४ एप्रिल २०१३ रोजीं ते निवर्तले.

आतां या तबकड्यांचेच दिवस भरत आले आहेत. चित्रपट तारेवाटे घरीं येऊं लागला आहे. ‘नेटफ्लिक्स’ ही संस्था १९९८ पासून टपालानें तबकड्या भाड्यानें पाठवीत असे. पांच अब्जांहून अधिक तबकड्या पाठविल्यावर २९ सप्टेंबर २०२३ रोजीं तिनें तें काम थांबविलें. तारेवाटे येणाऱ्या चित्रपटाबरोबर अनेक भाषा येतात, अक्षरें येतात. भाष्य मात्र बहुधा येत नाहीं. ‘क्रायटेरियन’सारख्या थोड्या ठिकाणीं तें ठेवलेलें आढळतें. जागेची अडचण आज मुळींच नाहीं. १९८४ सालीं एकच मार्ग रिकामा होता आणि तो भरला गेला. आज हवे तितके मार्ग आहेत, पण ते भरण्याची आस्था कमी झाली आहे.

चित्रपट टिकतो, कारण त्यावर पैसा मिळतो. भाष्याचा कोणी स्वतंत्र धनी नाहीं. तें तबकडीबरोबर आलें, तबकडीबरोबर जाईल. ज्या वाचनालयांत, महाविद्यालयांत किंवा घरांत अशा तबकड्यांचीं खोकीं पडून आहेत, तेथें तीं रद्दींत काढण्यापूर्वीं एकदां तपासून पाहावींत हें बरें. बेन्शींचा बहुतेक आवाज गेला, कारण तो ठेवावयास जागा नव्हती. हेव्हर आणि ईबर्ट यांचा आवाज मात्र आधींच ठेवलेला आहे. तो जपावयाचा एवढेंच काम उरलें आहे.