हुंडी कशी वटत असे

‘चेक वटला’ असे आपण सहज बोलून जातो. यातला चेक हा शब्द परका आहे; पण वटणे हे क्रियापद मात्र अस्सल आपले, आणि आपल्या व्यवहारात चेकपेक्षा पुष्कळ जुने आहे. चेक येण्यापूर्वी आपल्याकडे हुंडी वटत असे. ती वटविताना सावकार जी रक्कम कापून घेई ती वटाव, आणि एका गावचा पैसा दुसऱ्या गावी मिळविण्याची जी किंमत पडे ती हुंडणावळ. १९२७ साली रुपयाचा दर कायद्याने एक शिलिंग सहा पेन्स ठरला, तेव्हा त्यावरून माजलेल्या वादालाही मराठीत हुंडणावळीचा वाद असेच म्हणत.

हुंडीची गरज का पडली हे समजण्यासाठी चांदीच्या रुपयाचे वजन ध्यानात घेतले पाहिजे. एक लाख रुपये म्हणजे हजार किलोंहून अधिक चांदी. ती बैलांवर लादून पुण्याहून काशीला न्यायची, तर वाटेत नद्या, घाट आणि वाटमारे. शिवाय नाणेही एक नव्हते. चांदवडी, अंकुशी, सुरती असे निरनिराळे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा असे. म्हणून पुण्याचा सावकार रुपये आपल्या पेढीवर ठेवून घेई आणि काशीच्या आडत्याच्या नावे एक चिठ्ठी लिहून देई. उलट दिशेनेही अशाच चिठ्ठ्या येत. रुपया जागचा फारसा हलत नसे. हलत असे ती वहीतली नोंद.

चिठ्ठी लहान, पण बंदोबस्त मोठा. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत तर लिहीतच. शिवाय निमी रक्कम लिहून ‘तिची दुप्पट’ असेही नमूद करीत, म्हणजे एखादे शून्य वाढविणाऱ्याची सोय उरत नसे. दर्शनी हुंडीचे पैसे दाखविताच मिळत. मुदती हुंडीचे ठरलेले दिवस भरल्यावर. हुंडी हरवली तर पेठ, आणि तीही हरवली तर परपेठ लिहून मिळे. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोका होई. मग तिच्यात काही जीव उरत नसे.

या सर्वांत विचार करण्यासारखा प्रकार म्हणजे शाहजोग हुंडी. तिचे पैसे केवळ ‘शाहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाच मिळत. चोराच्या हाती ती लागली तरी त्याला तिचा उपयोग नसे; कारण त्याच्यासाठी पेढीची पायरी चढणार कोण? पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची ठरली, तर पैसे नेणाऱ्या शाहाला ते व्याजासह परत करावे लागत. पेढीवरचा सावकार कागद पाही, पण विश्वास ठेवी तो माणसावर.

परंतु याच रक्षणाची दुसरी बाजूही आहे. परगावचा कोणी अनोळखी माणूस रास्त हुंडी घेऊन आला, तरी त्याला आधी शाहा शोधावा लागे आणि त्याच्या मर्जीवर राहावे लागे. पत ज्याच्यापाशी कमी, त्याला रोख पैशाची किंमत जास्त. हा न्याय जुनाच आहे.

पुढे काळ पालटला. १८३५ साली कंपनीने आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला आणि बट्ट्याचा धंदा ओसरला. १८८० साली टपालाची मनीऑर्डर आली आणि मुंबईच्या गिरणीतला कोकणी कामगार सावकाराच्या ओळखीवाचून घरी पैसे धाडू लागला. १८८१ च्या पराक्राम्य लेखांच्या कायद्याने चेकचे नियम बांधून दिले. देशी भाषेतील हुंडीची स्थानिक वहिवाट मात्र त्याने पहिल्याच कलमात शाबूत ठेवली.

तरीही शाहाची गरज संपली असे म्हणवत नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीत हजारो बँका बुडाल्या, तेव्हा शिकागो शहरात चेक वटवून देणारी दुकाने वाढली. इलिनॉय राज्याने १९४३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. खाते नसलेला मजूर पगाराचा चेक तिथे नेतो, ओळख पटवितो आणि शुल्क देऊन उरलेली रक्कम रोख घेतो. खातेदाराला जे सहज मिळते, त्यासाठी त्याला आपल्या मजुरीतला वाटा द्यावा लागतो. दुकानदार शाहाची जागा घेतो आणि शुल्क वटावाची.

महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे मराठी घरांना नरसी मेहता परिचित आहे. द्वारकेच्या यात्रेकरूंनी त्याच्यापाशी रुपये ठेवले आणि त्या निर्धनाने सावळशा शेटच्या नावे हुंडी लिहून दिली. द्वारकेत त्या नावाची पेढीच नव्हती. अखेर देवाने सावकाराचा वेष घेऊन ती वटविली, अशी कथा आहे. भक्तीची म्हणून ती आपण ऐकतो. परंतु ज्याच्या शब्दाला बाजारात कोणी उभे राहत नाही, अशा माणसाची आसही तिच्यात आहे. त्याच्यासाठी देवाला यावे लागू नये, एवढी व्यवस्था उभारणे हे माणसांचे काम आहे.