अतिशीत प्रकाशीय सूक्ष्मदर्शन

पेशी क्षणात गोठवून, ती तशीच थंड ठेवून तिच्यातील रेणू प्रकाशाने पाहण्याची पद्धत. तापमान सहसा द्रवरूप नायट्रोजनचे (−१९६° से.), काही प्रयोगांत द्रवरूप हीलियमच्या आसपासचे (−२६९° से.) असते.

साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत; ही मर्यादा एर्न्स्ट आब्बे यांनी १८७३ मध्ये मांडली. प्रथिनाचा रेणू असतो जेमतेम काही नॅनोमीटरांचा. म्हणून प्रथिनांना फ्लुओरोसंट रंगरेणू जोडतात, ते एकेक करून चमकतील असे पाहतात आणि प्रत्येकाच्या पसरट ठिपक्याचा मध्य गणिताने काढतात. अचूकता दुप्पट हवी तर फोटॉन चौपट लागतात, आणि घोडे इथेच अडते: एरवीच्या तापमानाला ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियांमुळे रंगरेणू लवकर विझतो. थंडीत ऑक्सिजनची हालचाल गोठते; रंगरेणू टिकतो आणि कितीतरी अधिक फोटॉन देतो.

गोठवण्याचे काम सर्वांत नाजूक. पाणी सावकाश गोठले तर बर्फाचे स्फटिक पेशीची पटले फाडतात. त्यामुळे पेशी वाढवलेली बारीक जाळी चिमट्यात धरतात, जादा पाणी टिपकागदाने टिपतात आणि जाळी द्रवरूप इथेनमध्ये झटकन बुडवतात. स्फटिक व्हायला वेळच न मिळाल्याने पाणी काचेसारखे थिजते. ही रीत झाक दुबोशे यांच्या गटाने १९८० च्या दशकात घडवली. एरवी पेशी टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिनसारख्या रसायनांनी तिची रचना बदलू शकते. इथे ती होती तशी राहते, आणि एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप करण्याजोगा आहे.

खटाटोप मोठाच आहे. भिंगाला लावायचे तेल गोठते, म्हणून बहुधा तेलाविना काम करणारी, कमी प्रकाश गोळा करणारी भिंगे वापरावी लागतात. हवेतील बाष्प नमुन्यावर हिमकण होऊन बसते. लेसर प्रखर झाला आणि नमुना सुमारे −१३५° से.च्या वर गेला, की थिजलेले पाणी स्फटिक होऊ लागते.

एकट्या रेणूचा प्रकाशीय माग प्रथम लागला तोही थंडीतच: १९८९ मध्ये विल्यम मर्नर व लोथार काडोर यांनी हीलियमच्या तापमानाला, सेंद्रिय स्फटिकातल्या पेंटासीनवर तो घेतला. २०१७ मध्ये एरलांगेन येथील वाहिद संदोगदार यांच्या गटाने स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन या एकाच प्रथिनावरील चार बंधनस्थाने वेगवेगळी दाखवली. २०२० मध्ये अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात गोठलेल्या अख्ख्या पेशींचे आधी प्रकाशचित्र, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने इलेक्ट्रॉन चित्र घेतले गेले. इलेक्ट्रॉन चित्रात पेशीतली प्रत्येक पिशवी दिसते, पण ती कशाची हे ओळखू येत नाही; ते नाव प्रकाशचित्र सांगते.