बांधकामशास्त्र : हातच्या हिशेबापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

बांधकाम आणि गणित यांची सोबत फार जुनी आहे. समरकंदच्या दरबारातील थोर गणिती जमशीद अल-काशी यांनी १४२७ साली पूर्ण केलेल्या ‘मिफ्ताह अल-हिसाब’ या ग्रंथात कमानी व घुमट यांची मापे काढण्याच्या रीती सविस्तर दिल्या आहेत. तेव्हा सारा हिशेब माणूस हाताने करीत असे. आज इमारतीचा आराखडा सुचविण्याचे कामही यंत्र करू लागले आहे. मग माणसाकडे काय उरते? मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येक पालकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

या संदर्भात फजलूर रहमान खान यांचे चरित्र बोधप्रद आहे. १९२९ साली ढाक्यात जन्मलेले खान १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले आणि पुढे शिकागोत स्थायिक झाले. उंच इमारतीचा खरा शत्रू म्हणजे वारा. त्याला तोंड देण्यासाठी इमारतीचा बाहेरचा सांगाडाच पोकळ नळीसारखा मजबूत करावा, ही कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. शिकागोतील १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या दर्शनी भागावर दिसणाऱ्या प्रचंड फुल्या याच विचारातून आल्या. तेथे दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो पोलाद लागले. तिच्यापेक्षा थोड्याच उंच असलेल्या, १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीला सुमारे २०६ किलो लागले होते. संगणक दुर्मीळ असताना, १९६० च्या दशकातच, खान यांनी त्याचा उपयोग आग्रहाने केला. किचकट आकडेमोड यंत्राने केली. पण वारा कसा अडवायचा, ही कल्पना माणसाची होती.

आकडेमोडीपाठोपाठ रेखाटनही यंत्राकडे गेले. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी पडद्यावर रेखाटन करणारी ‘स्केचपॅड’ प्रणाली तयार केली. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि पुढील काही वर्षांत कार्यालयांतून ड्रॉइंग बोर्ड व टी-स्क्वेअर हद्दपार झाले. ज्या ड्राफ्ट्समनला इमारत कळत होती, तो नवे साधन शिकून टिकला.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेतील हार्टफर्ड शहराने घेतला. तेथील क्रीडागृहाच्या विशाल छताचे गणित संगणकाने केले होते. बांधकाम चालू असताना छत हिशेबापेक्षा सुमारे दुप्पट वाकलेले आढळले, तरीही गणितावरच भिस्त ठेवण्यात आली. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते छत कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे हजारो प्रेक्षक बसले होते. दैव बलवत्तर म्हणून कोणी दगावले नाही. यंत्राने दिलेले उत्तर त्याला पुरविलेल्या गृहीतकांइतकेच खरे असते.

आता यंत्र स्वतः पर्याय मांडू लागले आहे. टोरांटो येथील ऑटोडेस्क कंपनीच्या कार्यालयाची मांडणी ठरविताना कर्मचाऱ्यांच्या गरजा, उजेड, शांतता अशा कसोट्या संगणकाला देण्यात आल्या. त्याने हजारो मांडण्या तपासल्या, निवड मात्र माणसांनी केली. २०१७ मध्ये हे कार्यालय सुरू झाले. आज कृत्रिम बुद्धिमत्ता चार ओळींच्या वर्णनावरून इमारतीचे चित्र काढते, बांधकामाची छायाचित्रे पाहून काम कोठे रखडले ते दाखविते. पण जमीन कशी आहे, कोकणातला पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, घरातील वृद्धांना जिना झेपेल काय, हे विचारणे माणसाचेच काम आहे. आणि इमारत पडली तर यंत्राला जाब विचारता येत नाही.

आपल्या समाजातील अनेक गवंडी, सुतार, फिटर आणि सुपरवायझर यांनी येथे आणि आखाती देशांत घाम गाळून इमारती उभ्या केल्या आहेत. त्यांच्या मुलामुलींनी नवे यंत्र अवश्य शिकावे; परंतु त्याआधी गणित व पदार्थविज्ञान यांचा पाया पक्का करावा. विद्यार्थी मित्रांनो, यंत्राचे उत्तर चुकले आहे हे ज्याला ओळखता येईल, त्याला उद्याही काम मिळेल आणि मानही मिळेल.