चंद्रमुखी सहाय्यक कशी?

गेल्या शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटवर पुन्हा एकदा 'गॉडफादर' लागला होता (कितव्यांदा ते विचारू नका). सिनेमा संपल्यावर रूममेटनं सहज मोबाईलवर विकिपीडिया उघडला आणि ओरडलाच, "अरे हे बघ! ब्रँडोला प्रमुख अभिनेत्याचं नॉमिनेशन आणि पचिनोला सहाय्यक!"

झालं. रात्री दीडपर्यंत वाद. सबंध सिनेमा मायकेलचा, ब्रँडोपेक्षा पचिनो पडद्यावर जास्त वेळ दिसतो, आणि तो म्हणे सहाय्यक! वर त्याच रांगेत त्याच सिनेमातले जेम्स कान आणि रॉबर्ट डुव्हाल. शेवटी तिघंही हात हलवत परतले आणि बक्षीस गेलं 'कॅबरे'मधल्या जोएल ग्रेला. (ब्रँडोला प्रमुखचं मिळालं, ते त्यानं नाकारलं. पण त्याचं कारण वेगळं होतं.)

रूममेटची आई नाशिकहून आली होती. काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या, म्हणाल्या, "अरे पोरांनो, त्या वैजयंतीमालानं नाही का असलंच अॅवॉर्ड नाकारलं होतं? झोपा आता."

आम्ही झोपलो. पण माझा अख्खा रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, ऑस्करच्या पहिल्या समारंभात, म्हणजे 1929 साली, 'सहाय्यक' हा प्रकारच नव्हता. एक अभिनेता, एक अभिनेत्री, बास. एमिल यानिंग्ज आणि जॅनेट गेनर. घोळ झाला तो 1935 च्या सिनेमांच्या वेळी. 'म्यूटिनी ऑन द बाउंटी' या एकाच सिनेमातल्या तिघांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालं: क्लार्क गेबल, चार्ल्स लॉटन आणि फ्रँचॉट टोन. जिंकला चौथाच, 'द इन्फॉर्मर'चा व्हिक्टर मॅकलॅग्लेन. पुढच्या वर्षापासून अकादमीनं सहाय्यक भूमिकांचे दोन वेगळे पुरस्कार सुरू केले. या तिघांच्या भानगडीमुळेच ते सुरू झाले असं सगळीकडे सांगतात. म्हणजे प्रॉडक्शनमध्ये बग सापडला आणि पुढच्या रिलीजमध्ये पॅच आला!

आणि पॅच म्हटल्यावर त्यातही बग आलाच. पहिल्याच वर्षी, 1936 च्या सिनेमांसाठी, स्टुअर्ट अर्विनला 'पिगस्किन परेड'साठी सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन मिळालं. त्या सिनेमाचा तो जवळपास हिरो होता! म्हणजे आज ज्याला लोक 'कॅटेगरी फ्रॉड' म्हणून शिव्या घालतात तो प्रकार त्या कॅटेगरीइतकाच जुना आहे.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. सुरुवातीची सात वर्षं सहाय्यकवाल्यांना तो प्रसिद्ध सोनेरी पुतळा मिळतच नव्हता. मिळायची एक पाटी, तिच्यावर छोटासा पुतळा बसवलेला. पूर्ण पुतळा मिळायला 1944 चा समारंभ उजाडला. कोण मोठं आणि कोण छोटं, हे बक्षिसाच्या उंचीवरूनच कळावं अशी सोय!

हॅटी मॅक्डॅनिएलला मिळाली ती हीच पाटी. 29 फेब्रुवारी 1940 ची रात्र, 'गॉन विथ द विंड'मधली मॅमी. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ होता लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात, आणि तिथे कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेशच नव्हता. निर्माता सेल्झनिकनं खटपट करून तिला आत आणलं, पण बसवलं कुठे, तर बाकीच्या कलाकारांपासून लांब एका छोट्या टेबलाशी. तिच्या मृत्यूनंतर ती पाटी तिच्या इच्छेप्रमाणे हॉवर्ड विद्यापीठाकडे गेली आणि तिथून कधीतरी गायब झाली. 2023 मध्ये अकादमीनं विद्यापीठाला नवी करून दिली. तिच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला अभिनयाचं ऑस्कर मिळालं ते थेट 'घोस्ट'साठी, व्हूपी गोल्डबर्गला, तेही सहाय्यकच. प्रमुख अभिनेत्रीचं हॅली बेरीला, 2002 च्या समारंभात. 1940 ते 2002. हे वाचल्यावर मात्र पचिनोबद्दलचा माझा राग थोडा निवळला. त्याच्या बाबतीत निदान प्रश्न फक्त रांगेचा होता.

असो. आता थोडी गंमत. 1944 च्या 'गोइंग माय वे'साठी बॅरी फिट्झजेराल्डला एकाच भूमिकेसाठी प्रमुख आणि सहाय्यक अशी दोन्ही नामांकनं मिळाली! नियमात तेव्हा ते बसत होतं. प्रमुखचं बक्षीस त्याच सिनेमातल्या बिंग क्रॉसबीला गेलं आणि सहाय्यकचं याला. युद्धाचे दिवस, धातूची टंचाई, त्यामुळे पुतळा प्लास्टरचा. या गृहस्थांनी घरात गोल्फची प्रॅक्टिस करताना त्याचं मुंडकंच उडवलं. त्यानंतर नियम बदलला (मुंडक्यामुळे नव्हे!): एक भूमिका, एकच कॅटेगरी.

पण कुठली ते ठरवणार कोण? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मला वाटायचं स्टुडिओ फॉर्म भरत असेल आणि त्यातला तो एक कॉलम असेल. तसं नाहीये. स्टुडिओ फक्त जाहिराती करतो, 'आमच्या अमक्याचा सहाय्यकसाठी विचार व्हावा' अशा. नामांकनाची मतं देतात अकादमीचे नट-नट्या सभासद, आणि भूमिका प्रमुख की सहाय्यक हे प्रत्येक मतदार स्वतःपुरतं ठरवतो. निम्म्यांनी इकडे टाकलं आणि निम्म्यांनी तिकडे तर? मतं पसंतीक्रमानं मोजतात. पाच जागा असतील तर कोटा म्हणजे एकूण मतपत्रिकांच्या एक षष्ठांशाहून थोडा जास्त. समजा 1200 मतपत्रिका आल्या, तर 201. मोजणी चालू असताना ज्या कॅटेगरीत तो कोटा आधी गाठला जाईल, ती त्या भूमिकेची कॅटेगरी. म्हणजे चक्क रेस कंडिशन! दोन थ्रेड धावतायत, जो आधी पोचेल तो जिंकला. आणि दोन्हीकडे एकदमच कोटा भरला तर जिथे मतांची टक्केवारी जास्त तिथे. टायब्रेकरसुद्धा लिहून ठेवलाय. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली.

या रेसचे निकाल कधीकधी भन्नाट लागतात. 'द रीडर'साठी केट विन्स्लेटची जाहिरात सहाय्यक म्हणून चालली होती. 2009 च्या जानेवारीत गोल्डन ग्लोबनं ते ऐकलं आणि तिला 'द रीडर'साठी सहाय्यक आणि 'रेव्होल्यूशनरी रोड'साठी प्रमुख अशी दोन बक्षिसं दिली. ऑस्करच्या मतदारांनी मात्र 'द रीडर' थेट प्रमुखमध्ये नेऊन ठेवला. तेव्हाच्या नियमात एका कॅटेगरीत एका नटाची दोन नामांकनं चालत नव्हती, म्हणून 'रेव्होल्यूशनरी रोड' बाहेर. आणि ती जिंकली! त्यामुळे स्टुडिओनं सांगितलं म्हणून मतदार ऐकतातच असं नाही. उलटं उदाहरण 2021 चं. 'जूडस अँड द ब्लॅक मसाया'मध्ये लाकीथ स्टॅनफिल्डला स्टुडिओ प्रमुख म्हणत होता, मतदारांनी त्याला सहाय्यकमध्ये टाकलं. तिथे त्याच सिनेमातला डॅनियल कालूया आधीच बसलेला, आणि जिंकलाही तोच. मग त्या सिनेमात प्रमुख कोण होतं?? स्टॅनफिल्ड स्वतःच चक्रावला होता.

बहुतेक वेळा मात्र हिशेब सरळ असतो. नवा किंवा कमी नावाजलेला असेल तर त्यानं खाली सरकायचं. 'ट्रेनिंग डे'मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन प्रमुख, ईथन हॉक सहाय्यक. 'ब्रोकबॅक माउंटन'मध्ये हीथ लेजर प्रमुख, जेक जिलनहॉल सहाय्यक. दोघांची प्रेमकथा आणि त्यातला एक सहाय्यक! मिनिटं मोजून काही सिद्ध होत नाही हेही खरंच. अँथनी हॉपकिन्सनं 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'मध्ये अगदी थोड्या मिनिटांच्या कामावर प्रमुखचं बक्षीस नेलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

खाली सरकायला नकार देणारेही असतात. 1950 च्या 'ऑल अबाउट ईव्ह'मध्ये बेटी डेव्हिस नावाजलेली नटी आणि अॅन बॅक्स्टर तिची जागा बळकावणारी तरुण पोरगी. बॅक्स्टरला सहाय्यकचं ऑस्कर आधीच मिळालेलं होतं. यावेळी तिनं आग्रह धरला, मी प्रमुखमध्येच उभी राहणार. मतं फुटली म्हणतात (अकादमी आकडे देत नाही), आणि दोघींना मागे टाकून जूडी हॉलिडे 'बॉर्न यस्टर्डे'साठी जिंकली. चुकलं का बॅक्स्टरचं? माझ्या मते नाही. सिनेमाच्या नावात तिचं पात्र आहे हो! माझ्या पहिल्या नोकरीत एक अख्खं मॉड्यूल मी लिहिलं होतं, आणि रिलीजच्या मेलमध्ये माझं नाव 'सपोर्ट' या शब्दाखाली आलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो. म्हणून बॅक्स्टरबद्दल जरा जास्तच आपुलकी.

आता काकूंची वैजयंतीमाला. बिमल रॉय यांचा 'देवदास', दिलीपकुमार. पारो सुचित्रा सेन, चंद्रमुखी वैजयंतीमाला. 1957 च्या फिल्मफेअरमध्ये दिलीपकुमारला प्रमुख, चुनीलाल झालेल्या मोतीलालना सहाय्यक, आणि वैजयंतीमालालाही सहाय्यक. तिनं तो नाकारला. तिचं म्हणणं एवढंच, की माझी भूमिका सुचित्रा सेनच्या भूमिकेच्या बरोबरीची आहे, खालची नाही. तेव्हा ती विशीच्या सुरुवातीला होती. आणि दोनच वर्षांनी, 1959 मध्ये, 'साधना'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं.

मला वाटलं इथे गोष्ट संपली. पण मग सहज पुढचे 'देवदास' बघितले. भन्साळींचा, 2002 चा: ऐश्वर्या पारो, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. माधुरी चंद्रमुखी, तिला सहाय्यक. अनुराग कश्यपचा 'देव डी', 2009 चा: माही गिल पारो, तिला समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. कल्की चंद्रमुखी, तिला सहाय्यक. तीन दिग्दर्शक, पन्नासहून जास्त वर्षं, आणि फिल्मफेअरच्या लेखी पारो ती पारो आणि चंद्रमुखी ती सहाय्यक!

काकूंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, पारोशी त्याचं लग्न ठरणार होतं ना, म्हणून." मी यावर बराच विचार केला. पुढच्या शनिवारी तिन्ही 'देवदास' ओळीनं बघायचं ठरलंय, काकू स्टॉपवॉच घेऊन बसणार आहेत.