अकलूजची ‘सेत्ते’: एका मिश्र लाल वाइनचा इतिहास

भारतीय वाइन म्हटले की नाशिक आठवते. सोलापूर जिल्हा सहसा नाही. माळशिरस तालुक्यातील अकलूज हे तर उसाचे आणि सहकारी साखर कारखान्याचे गाव. तेथे २००७ च्या सुमारास अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्ची बंधू यांनी ‘फ्रातेल्ली’ उभी केली. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. सहा भाऊ आणि तोस्कानातील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी, असे सात जण. म्हणून त्यांच्या मिश्र लाल वाइनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात.

तिच्यात सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्याँ ही द्राक्षे असतात. पहिले तोस्कानाचे, दुसरे फ्रान्सच्या बोर्दोचे. १९७० च्या दशकात तोस्कानातील काही उत्पादकांनी ही जोडी जमवली, तेव्हा ती क्यान्तीच्या नियमांत बसेना आणि महागडी वाइन ‘साधी टेबल वाइन’ म्हणून विकावी लागली. अकलूजला असा नियम आडवा येणारच नव्हता.

चव घेताना जोडी ओळखता येते. सांजोवेझेचा रंग तुलनेने फिका, पण आंबटपणा ठसठशीत. काबर्नेचा रंग गडद आणि टॅनिन भरपूर. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, ती टॅनिनचीच करामत. शिवाय ओकच्या पिंपात मुरल्याचा वास. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे पुस्तकांत असते. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आमच्या दिल्लीत मे महिन्यात हा सल्ला पाळला तर अल्कोहोलच तेवढे जाणवेल. (दिल्लीत मद्यपानाचे कायदेशीर वय २५ आहे, तेव्हा बहुतेक वाचकांनी ही चव तूर्त वाचूनच घ्यावी.)

तोस्कानात वेल हिवाळ्यात झोपते, छाटणी वर्षातून एकदाच. अकलूजला ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरताना फळ छाटणी आणि थंडी संपता संपता तोडणी. ही दुहेरी रीत महाराष्ट्रातील खाण्याच्या द्राक्षांच्या बागायतदारांनी आधीच बसवलेली होती. माझ्या मते ‘सेत्ते’चे अकलूजपण येथे आहे.

धोका मात्र शेतकऱ्याचा असतो. २००१ च्या राज्य धोरणाने वाइनला उत्पादनशुल्कात सवलत दिली आणि नाशिक परिसरात लागवड वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, माल पडून राहिला आणि अनेकांनी बागा उपटल्या. कारखान्याने नाकारलेला ऊस निदान गुऱ्हाळात जातो. वाइनची द्राक्षे लहान, बियांची, जाड सालीची. बाजारात ती खायला कोणी घेत नाही आणि बेदाण्यालाही चालत नाहीत.